तिठ्यावरची निळी शेड: एका मेसेजचं प्रकरण

फोटो रात्री एक चौतीसचा आहे. ट्रकचा मागचा फाळका उघडा, नंबरप्लेटवर ‘केए’, दोन हमाल प्लॅस्टिकचे क्रेट उतरवतायत. डाव्या कोपऱ्यात, बल्बचा उजेड संपतो तिथे, छापील पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी. खोक्यावरचं ‘देवगड हापूस’ एवढं स्वच्छ वाचता येतं. फोटो काढणाऱ्याचा हात हलला असणार, कारण एका हमालाला चार हात दिसतात.

हा फोटो गुरुजींनी तालुक्यातल्या आंबा बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रुपात चारशेच्या आसपास माणसं. खाली मेसेज:

“बागायतदारांनो, सावध. काल रात्री दीडच्या सुमारास तिठ्यावरच्या निळ्या शेडीत कर्नाटक पासिंगचा ट्रक खाली झाला. होच माल उद्या देवगड हापूस म्हणान पुण्या-मुंबैक जातलो. हे चोर आमच्या आंब्याचा नाव बुडवतत. ह्येंच्याकडना एक डझन पण घेव नकात.”

सुरुवात प्रमाण मराठीत आणि पुढे, राग चढला तशी, मालवणीत. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस रागावल्याशिवाय लेखी मालवणी लिहीत नाही.

मेसेजमध्ये शेडीच्या मालकाचं, म्हणजे शेटचं, नाव नव्हतं, आणि गुरुजींची सगळी भिस्त त्यावरच होती. पण दहा मिनिटांत ग्रुपातल्या एकाने शेटचं आडनाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. गुरुजींनी त्यावर अंगठा दिला. सकाळी चहाच्या आत मेसेज ठाण्या-डोंबिवलीच्या चाकरमान्यांच्या ग्रुपांवर पोचला होता, आणि दुपारपर्यंत शेटच्या पुण्यातल्या दोन गिऱ्हाइकांनी मागणी रद्द केली होती.

मी गुरुजींचा वकील. त्यांची, शेटची किंवा गावाची ओळख पटेल असं इथे काही देत नाही. एकदोन बारकावे मी चालवलेल्या दुसऱ्या प्रकरणांतून इकडे आणले आहेत. कायदा तेवढा जसाच्या तसा ठेवला आहे.

गुरुजींची बाजू आधी सांगतो. वडिलोपार्जित ऐंशी कलमं, त्यातली अर्धी म्हातारी. त्या वर्षी मोहोर दोनदा आला आणि दोन्ही वेळा तुडतुडे लागले. फवारणीचं बिल चुकतं करून वाशीला माल पाठवला, तर दलालाकडून आलेल्या पट्टीत हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन हाती जे उरलं ते राखणदाराच्या पगाराला जेमतेम पुरलं. धारवाडकडचा हापूस बाजारात उतरला की इथला दर पडतो, हे बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. तिकडचा आंबा तिकडच्या नावाने विकला गेला तर कुणाची तक्रार नसते. आपल्या नावाच्या खोक्यात भरला गेला की पोटात आग पडते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या भावनेचा राहिलेला नाही. खोटं मानांकन लावून माल विकणं हा १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे: किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, शिवाय दंड.

गुरुजींच्या मेसेजचं वजन इथेच वाढतं. त्यांना वाटत होतं, आपण गाऱ्हाणं मांडलं. कायद्याच्या नजरेत त्यांनी एका माणसावर फौजदारी गुन्ह्याचा आळ घेतला होता.

नोटीस

आठव्या दिवशी रजिस्टर एडीने नोटीस आली. पन्नास लाख नुकसानभरपाई, सात दिवसांत ग्रुपवर आणि दोन वर्तमानपत्रांत बिनशर्त माफी, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. कलमांच्या रांगेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं, कलम ६६अ सुद्धा होतं. ते वाचून मला हसू आलं. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. त्यामागच्या घटनांपैकी सगळ्यात गाजलेली आपल्याच किनारपट्टीवरची, पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. कलम जाऊन इतकी वर्षं झाली तरी नोटिशींच्या साच्यात ते अजून जिवंत आहे. साचा बदलायला कुणाला सवड असते?

बाकीची नोटीस मात्र हसण्यासारखी नव्हती.

शेट आधी पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. तिथे अदखलपात्र म्हणून एनसी नोंदवून घेतली आणि कोर्टाचा रस्ता दाखवला. यात पोलिसांची चालढकल नाही. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा. पोलीस आपणहून तपास करू शकत नाहीत की अटक करू शकत नाहीत, ज्याची अब्रू गेली त्यानेच मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद द्यायची. पूर्वी भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. व्याख्या तीच, ज्यांत बसलं की गुन्हा होत नाही ते दहा अपवाद तेच, शिक्षाही दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नवीन भर एवढीच की आता समाजसेवेची शिक्षाही देता येते. गुरुजींना हे सांगितलं तर म्हणाले, “मी छत्तीस वर्षां काय करी होतंय मगे?”

पहिल्या भेटीत ते ताठ होते. “वकीलानू, गाडी इली की नाय इली? फोटो असा. मगे मी खोटा खय लिवलंय?”

मी मेसेजची प्रिंट काढली, लाल पेन घेतलं आणि म्हटलं, गुरुजी, आता वही मी तपासतो.

“ट्रक खाली झाला.” हे डोळ्यांनी पाहिलेलं, फोटोही आहे. या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. गुरुजींच्या फोनमध्ये मूळ फोटो वेळेसकट शाबूत होता. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत कोर्टात लंगडी पडते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ब खाली २०२० मध्ये खोतकर निवडणूक प्रकरणात पक्कं केलं आहे. म्हणून त्यांना पहिली ताकीद दिली ती फोन न बदलण्याची. नातू नवा फोन आणून देणार होता.

“होच माल उद्या देवगड हापूस म्हणान जातलो.” गुरुजींनी हे पाहिलेलं नव्हतं. ट्रक, खोकी आणि इतक्या वर्षांचा संशय यांची बेरीज करून त्यांनी हे काढलं होतं. बेरीज बरोबरही असेल. पण वाक्य कसं लिहिलंय? ‘जाईल अशी भीती वाटते’ नाही, ‘जातलो’. भविष्यकाळ असला तरी खात्रीचा.

“हे चोर.” इथे लाल पेन थांबलं.

“घेव नकात.” सावध करण्याचा हक्क कायदा देतो. दहावा अपवाद नेमका तोच आहे: ज्याला सांगितलं त्याच्या किंवा सगळ्यांच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेला इशारा. फक्त इशारा ज्या पायावर उभा आहे तो पाया पक्का हवा.

नाव न घेण्याबद्दल म्हणाल तर, ओळखणाऱ्यांना माणूस ओळखू आला की पुरे. तिठ्यावर निळी शेड एकच. आणि वर तो अंगठा होताच.

“अंगठो म्हणजे काय सही?” गुरुजींनी विचारलं. मी म्हटलं, समोरचा वकील तसंच म्हणणार.

सद्भावना म्हणजे काय

लोकांना वाटतं, मनात वाईट हेतू नव्हता म्हणजे सद्भावना. कायद्याचा अर्थ जास्त रोखठोक आहे: योग्य ती काळजी आणि लक्ष घालून केलं असेल तरच ते सद्भावनेने केलेलं. मन स्वच्छ असणं पुरत नाही, हातपाय हलवावे लागतात. नववा अपवाद, म्हणजे स्वतःच्या किंवा लोकांच्या हितासाठी सद्भावनेने केलेला आरोप, हा गुरुजींचा मुख्य आधार होता. त्यामुळे सगळं प्रकरण एका प्रश्नावर येऊन ठेपलं: त्या रात्री गुरुजींनी काय काळजी घेतली?

ते वीस मिनिटं काजूच्या झाडाआड उभे होते. फोटो काढला. घरी आले. दोन वाजून दहा मिनिटांनी मेसेज टाकला. शेटना विचारलं नाही. सकाळी माल कुठल्या गाडीतून कुठे गेला ते पाहिलं नाही. आणखी चार तास थांबले असते तर त्यांचं प्रकरण एकतर पोलादी झालं असतं किंवा झालंच नसतं.

पहिला अपवाद सत्याचा आहे, पण त्यालाही फौजदारीत शेपूट आहे. विधान खरं असून भागत नाही, ते प्रसिद्ध करणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दिवाणी दाव्यात तसं नाही, तिथे सत्य हा पूर्ण बचाव. मला हे नेहमी उलटं वाटत आलंय. पैशाच्या दाव्यात नुसतं खरं बोलून सुटता येतं आणि जिथे तुरुंग आहे तिथे जास्त सिद्ध करा. एक दिलासा आहे. अपवादात बसतो हे आरोपीने दाखवायचं असलं तरी फिर्यादीसारखं संशयातीत सिद्ध करावं लागत नाही, संभाव्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं की झालं. हरभजन सिंग खटल्यात १९६५ पासून हे ठरलेलं आहे.

गुरुजींचा शेवटचा युक्तिवाद शिमग्याचा. “शिमग्यात ह्याच शेटच्या नावान होळीकडे बोंब मारलंय, तेवा नोटीस नाय इली!” मला हा मुद्दा मनापासून आवडला. आपल्याकडे वर्षातून एकदा नाव घेऊन बोंब मारायची मुभा परंपरेनेच दिलेली आहे. सावकार, खोत, सरपंच, कुणीही सुटत नाही. दशावतारातला संकासूरही समोर बसलेल्या पाटलाची टोपी उडवतो आणि पाटील हसतो, कारण न हसण्यात जास्त नाचक्की. पण बोंब वाऱ्यावर जाते. धूळवड उलटली की विषय संपतो, आणि ऐकणारा गावातलाच असतो, बोंबेला किती किंमत द्यायची ते त्याला ठाऊक. डोंबिवलीच्या ग्रुपात पोचलेल्या मेसेजला शिमगा नसतो.

टिळकांचं नाव निघालंच

मी सुचवलं की एक शब्द मागे घ्या, बाकीचं लढू. गुरुजी उसळले. “माका माफी मागूची नाय. टिळकांनी कधी माफी मागल्यानी काय?”

टिळक रत्नागिरीचे, १८५६ चा जन्म. त्यामुळे हे वाक्य कोकणातल्या कुठल्याही वकिलाच्या ऑफिसात कधी ना कधी ऐकू येतंच. मी त्यांना १८८२ सांगितलं. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे तरुण छत्रपतींविरुद्ध कारस्थान करतायत असा आरोप दोन्ही पत्रांनी केला, आणि त्याला आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकर दोघांनी माफी मागितली. बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही आणि दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत केलं. पुढचे टिळकांचे गाजलेले खटले राजद्रोहाचे, तिथे ते वाकले नाहीत. पहिला तुरुंगवास मात्र याच कलमाचा, आणि तोही कागदाची शहानिशा झाली नाही म्हणून.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ह्या मी मुलांका शिकवलंय, पण माफीचा पुस्तकात नव्हता.”

तारखा

शेटनी दोन्ही दारं ठोठावली. दिवाणी दावा, आणि मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद. दाव्याला मुदत एक वर्ष, फिर्यादीला तीन, त्यामुळे घाई नव्हती. पण हंगाम संपायच्या आत त्यांना काहीतरी हातात हवं होतं.

दाव्यात निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज होता: निकाल लागेपर्यंत गुरुजींनी शेटबद्दल किंवा त्यांच्या मालाबद्दल कुठेही काही बोलू-लिहू नये, आणि असा हुकूम आमचं न ऐकता त्याच दिवशी द्यावा. इथे मात्र मी तापलो. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना स्पष्ट बजावलं आहे की खटला चालण्याआधीच लिखाणाचं तोंड बांधणारा हुकूम यांत्रिकपणे देऊ नका. मजकूर खोटा किंवा द्वेषापोटी लिहिलेला आहे हे उघड दिसत असेल तरच तो अपवाद म्हणून द्यावा. त्या निकालाची प्रत मी लावली. कोर्टाने एकतर्फी हुकूम नाकारून आमचं म्हणणं मागवलं. आम्ही लिहून दिलं की ‘तो शब्द’ पुन्हा वापरणार नाही. बोलायचा हक्क ठेवला.

फिर्यादीत फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचा एक फायदा झाला. कलम २२३ प्रमाणे आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय मॅजिस्ट्रेटला दखलच घेता येत नाही. जुन्या पद्धतीत पहिलं समन्स हातात पडेपर्यंत आरोपीला पत्ताच नसायचा. शेटनी आरोपी नंबर दोन म्हणून ग्रुपच्या ॲडमिनलाही ओढलं होतं. बिचारा खत-औषधांचा दुकानदार, त्या रात्री झोपलेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याच्या पोस्टबद्दल, दोघांचं आधीपासून संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पोस्ट पडायच्या आधी ती अडवणं त्याच्या हातात नसतं. तो खटला दुसऱ्या गुन्ह्याचा होता, पण तत्त्व तेच. ॲडमिनविरुद्ध दखल घेतली गेली नाही. गुरुजींविरुद्ध प्रोसेस, म्हणजे कोर्टात हजर राहण्याचं समन्स, निघाली.

मग तारखा सुरू झाल्या. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे अटकेची भीती नाही, पण सदुसष्ट वर्षांच्या माणसाने पहिल्या एसटीने यायचं, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसायचं आणि तीन वाजता ‘पुढची तारीख’ ऐकून परतायचं. एकदा फिर्यादी गैरहजर, एकदा साहेब रजेवर, एकदा आमच्याकडून मुदत. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ ला सुब्रमण्यम स्वामी खटल्यात फौजदारी अब्रुनुकसानी घटनेला धरून आहे असं ठरवलं. घटनेच्या १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरच्या वाजवी निर्बंधांत अब्रुनुकसानीचं नाव आहेच, आणि प्रतिष्ठा हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग. मी त्या निकालापुढे मान तुकवतो, वकील म्हणून तुकवावीच लागते. पण ज्यांनी १८६० मध्ये हे कलम आपल्याला दिलं, त्यांनी स्वतःच्या देशात २००९ च्या कायद्याने तो गुन्हाच काढून टाकला. इथे निकालाच्या आधीच बाकड्यावर शिक्षा भोगून होते, आणि ती निर्दोष सुटणाऱ्यालाही होते.

फिर्याद रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जायचा विचार झाला. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्याखाली येतात. घाट चढला की काम. गुरुजींनी खर्च विचारला आणि म्हणाले, बघूया.

मधल्या काळात एका स्थानिक वार्ताहराचा फोन आला: ही बातमी दिली तर मी अडकेन का? कोर्टात जे झालं त्याचं खरं वृत्त देणं चौथ्या अपवादात बसतं. विधानसभेत मंत्र्याने सांगितलेलं जसंच्या तसं छापल्याबद्दल ‘लोकमत’वर झालेली फिर्याद सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द ठरवली होती. मी म्हटलं, जे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, आहे ते लिही, मथळ्यात फोडणी घालू नकोस. त्याने विचार करून बातमीच दिली नाही.

पाचशे किलो

शेटनी कागद दाखल केले तेव्हा प्रकरणाचा रंग बदलला. ते कॅनिंगसाठी माल गोळा करणारे एजंटही होते. त्या रात्रीचा ट्रक पल्पच्या कारखान्याचा, गेटवर रांग होती म्हणून शेडमध्ये उतरवला आणि दुसऱ्या दिवशी पोचवला. वजनकाट्याची पावती होती, कारखान्याची आवक पावती होती. थप्पीतली खोकी त्यांच्या स्वतःच्या तीनशे कलमांच्या मालाची. गुरुजींचा चेहरा उतरला.

मी दोन पावत्या शेजारी ठेवल्या. काट्यावर निव्वळ वजन नऊ टन चारशे किलो. कारखान्यात आवक आठ टन नऊशे. मधले पाचशे किलो?

शेटचं उत्तर: वाटेत दबलेला, कुजलेला माल वेचून काढला. शक्य आहे. नऊ टनांत तेवढी तूट कुणालाही पटेल. पण पाव किलोचं फळ धरलं तर पाच डझनाच्या तीसेक पेट्या होतात, हेही कुणालाही पटेल. उलटतपासात मी हे काढलं असतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शेट घामाघूम झाले असते, आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी काय मानलं असतं ते मी आजही सांगू शकत नाही. पाचशे किलो आंबा कुठे गेला ते शेटना आणि त्या चार हातांच्या हमालाला ठाऊक.

एवढं खरं की या पावत्यांनंतर दोन्हीकडची आवाजाची पट्टी खाली आली.

तालुका विधी सेवा समितीच्या लोकअदालतीत दोन्ही प्रकरणं ठेवली गेली. शेटना मी तिथे पहिल्यांदा जवळून ऐकलं. पैशाबद्दल ते बोललेच नाहीत. म्हणाले, “गिराइकां गेली ती परत येतली. माझ्या झिलान ता शाळेच्या ग्रुपार वाचल्यान. घराकडे येवन माका इचारल्यान, बाबा, चोर म्हणजे तू?” गुरुजी खाली बघत राहिले. तो मुलगा त्यांच्याच जुन्या शाळेत होता.

मजकूर ठरवायला सव्वा तास गेला. शेटना ‘खोटा मेसेज’ हे शब्द हवे होते, गुरुजी ‘खोटा’ म्हणायला तयार नव्हते. शेटच्या वकिलांनी, आणि हे त्यांचं कसब, आग्रह धरला की माफीत ‘चोर’ शब्द येताच कामा नये. माफी वाचणारे नवे चारशे जण तोच शब्द पुन्हा वाचतील. मी माझ्याकडून एक वाक्य ठेवून घेतलं. शेवटी पुरसीसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, उतरलं ते असं:

“माझ्या मेसेजमधील एक शब्द व मालाच्या पुढील विक्रीबाबतचे विधान यांस माझ्याकडे पुरेसा आधार नव्हता. ते मी मागे घेत आहे व त्यामुळे झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे. सदर माल कॅनिंगसाठी असल्याबाबतचे कागद मला दाखवण्यात आले. ट्रक उतरताना मी पाहिला, हे माझे म्हणणे कायम आहे.”

‘दाखवण्यात आले’ की ‘सिद्ध झाले’ यावर वीस मिनिटं गेली. शेवटच्या वाक्यावर त्याहून जास्त. पॅनेलवरच्या बाई शांतपणे चहा पीत ऐकत होत्या, एकदाच म्हणाल्या, “अहो, ट्रक तर तुमच्याच पावतीवर आहे.” तिथे शेट हसले.

पन्नास लाखांची मागणी सोडली. अब्रुनुकसानी तडजोडीस पात्र गुन्हा आहे आणि तडजोड झाली की परिणाम निर्दोष सुटकेचाच. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. दाव्याची कोर्ट फी शेटना परत मिळाली. गुरुजींच्या नावावर काही राहिलं नाही.

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, मग मी त्या रात्री करायला काय हवं होतं? सांगितलं: हाच फोटो, तारीख-वेळ आणि एक अर्ज, अन्न व औषध प्रशासनाला किंवा पोलिसांना. अधिकार असलेल्या माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार आठव्या अपवादात बसते, तिथे संशय हा संशय म्हणून लिहिता येतो आणि शोधायचं काम त्यांचं. “तेंनी शोधल्यानी असता?” गुरुजी म्हणाले. मी एसटीची वेळ बघितली.

एक प्रश्न मला या प्रकरणानंतर सारखा येतो म्हणून इथेच: ग्रामपंचायतीबद्दल असं लिहिलं तर? पंचायत, नगरपालिका या संस्था म्हणून अब्रूच्या नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाहीत, १९९४ च्या राजगोपाल निकालाने ते ठरलं आहे. सरपंच व्यक्ती म्हणून येऊ शकतो, पण त्याच्या सरकारी कामाबद्दलचं लिखाण असेल तर नुकसानभरपाईसाठी त्याला सिद्ध करावं लागतं की मजकूर खोटा होता आणि लिहिणाऱ्याने खऱ्याखोट्याची फिकीरच केली नाही. आंब्याच्या व्यापाऱ्याला ही पायरी चढावी लागत नाही.

खुलासा ठरल्या दिवशी ग्रुपवर पडला. त्याच्याखाली कुणी काही लिहायच्या आत ॲडमिनने सेटिंग बदललं. आरोपी नंबर दोन होऊन बसल्याची भीती त्याच्या अंगातून गेलेली नाही. आता त्या ग्रुपवर फक्त तोच लिहितो. सकाळी वाशीचा दर येतो, दुपारी हवामानाचा अंदाज, मोहोराच्या दिवसांत कुठलं औषध किती लिटरला. परवा त्याने दराची पोस्ट टाकली तेव्हा गुरुजींनी मला फोन दाखवला. खाली चारशे माणसांना काहीच लिहिता येत नाही. अंगठा तेवढा देता येतो, आणि एकोणतीस जणांनी तो दिला होता. गुरुजींचा त्यात नव्हता.